प्रभूला नवल वाटलं तेव्हा



येशूकडे पाहून लोक थक्क झाले, असे प्रसंग शुभवर्तमानांत पानोपानी आहेत. वादळ शमतं, आंधळ्याला दिसू लागतं, पाच भाकरींत हजारो लोक जेवतात आणि पाहणारे तोंडात बोट घालतात. पण खुद्द येशूला नवल वाटलं, असं मात्र दोनच प्रसंगी सांगितलं आहे. एक कफर्णहूमचा, दुसरा नासरेथचा. आपण मुलं वाढवणाऱ्यांनी ही दोन गावं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असं मला कितीतरी दिवस वाटतंय.

कफर्णहूम हे गालील सरोवराच्या वायव्य काठावरचं मासेमारीचं गाव. आज तिथे पांढऱ्या चुनखडीच्या सभास्थानाचे खांब उभे दिसतात, ते पुढच्या काळातले, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातले. त्यांच्याखाली काळ्या बेसॉल्टचा जुना पाया आहे, आपल्या सह्याद्रीचा दगड ज्या जातीचा त्याच जातीचा. हा पाया येशूच्या काळातल्या सभास्थानाचा असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. लूक सांगतो की या गावातलं सभास्थान एका शताधिपतीने बांधून दिलं होतं. हा माणूस यहूदी नव्हता, लष्करातला अधिकारी होता. त्याचा चाकर मरणाला टेकला होता आणि तो त्याला फार प्रिय होता.

इथे क्षणभर थांबा. त्या काळी चाकर म्हणजे विकत घेतलेला माणूस. तो गेला तर दुसरा मिळाला असता. या अधिकाऱ्याने मात्र त्याच्यासाठी गावातल्या वडीलजनांना येशूकडे पाठवलं. आपल्या घरच्या प्रार्थनेत परीक्षा, नोकरी, आजीचे गुडघे हे सगळं येतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं नाव येतं का? मुलं हे टिपत असतात. आपण कोणासाठी देवाकडे हात जोडतो, यावरून देवाचं मन केवढं आहे याचा अंदाज ती बांधतात.

येशू निघाला, घराजवळ आला, तेवढ्यात शताधिपतीचे मित्र निरोप घेऊन आले. तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही, तिथूनच शब्द बोला, असा तो निरोप. (वसईच्या चर्चमध्ये मिस्सेला जाणारे आपले बांधव ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी दर वेळी हाच भाव मनापासून बोलतात.) त्याचं कारणही त्याने आपल्या रोजच्या कामातून दिलं. माझ्यावर अधिकारी आहेत, माझ्या हाताखाली शिपाई आहेत. एखाद्याला जा म्हटलं की तो जातो. मग तुमच्या शब्दापुढे आजाराची काय कथा? त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता की नाही, आपल्याला माहीत नाही. हुकूम कसा चालतो हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि समोर कोण आहे हे त्याने तेवढ्यावरून ओळखलं. येशूला नवल वाटलं. इस्राएलात असा विश्वास आढळला नाही, असं त्याने मागच्या लोकांकडे वळून सांगितलं.

आता नासरेथ. इथे तर येशू लहानाचा मोठा झाला. हा सुतार ना, मरियेचा मुलगा ना, याचे भाऊबहीण आपल्यातलेच ना, असं लोक म्हणाले आणि अडखळले. थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं, त्याहून मोठं काही तिथे करता आलं नाही. त्यांच्या अविश्वासाचं त्याला नवल वाटलं, असं मार्क लिहितो.

मनातली भीती मोकळेपणाने सांगते. आपली ख्रिस्ती घरं बहुधा कफर्णहूमपेक्षा नासरेथसारखी होतात. भिंतीवर वचन आहे, जेवणाआधी प्रार्थना आहे, संडे स्कूलच्या स्पर्धेतलं बक्षीस कपाटात आहे. मूल चौथीत जाईपर्यंत त्याला दाविद आणि गल्याथ, योना आणि मासा सगळं पाठ असतं. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी ते म्हणतं, ‘हे मला माहितीये,’ आणि बायबल मिटवतं. सवयीने येशू घरचा होतो आणि घरचा म्हणूनच दुर्लक्षिला जातो. वचनं पाठ करून घेऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर घ्या. पण पाठांतर झालं की आपलं काम झालं, असं मानण्यात मला फार मोठा धोका दिसतो.

मुलांना नवल वाटायला हवं, तर आधी आपल्याला वाटायला हवं. ते उसनं आणता येत नाही. आणि त्यासाठी डळमळीत न होणारा, पहाडासारखा विश्वास लागतो असंही नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे. माझा विश्वास आहे, जिथे कमी पडतो तिथे मला साहाय्य करा, अशी त्याची विनवणी. येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. सोर-सीदोनाच्या भागातली ती आई आठवा. मुलीसाठी तिने मागणं सोडलं नाही, शिष्य तिला घालवायला निघाले तरी नाही. तिचा विश्वास मोठा आहे, असं येशू म्हणाला. तीही परकीच होती.

कधी मागितलेलं मिळत नाही, हेही मुलांपासून लपवू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुलींची आई झालेल्या पंडिता रमाबाईंना त्यांच्या पोटची एकुलती एक लेक, मनोरमा, १९२१ साली गमवावी लागली. रमाबाईंनी देवाचा हात सोडला नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्या करत राहिल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. मुलांना ही गोष्ट सांगा, आणि सांगताना आपला आवाज भरून आला तर भरून येऊ द्या.

आज रात्री लूकच्या सातव्या अध्यायातली पहिली दहा वचनं घरात वाचा. तात्पर्य सांगू नका. मुलांना विचारा, यातलं तुम्हाला काय विचित्र वाटलं? एखादं हुशार मूल म्हणेल, मत्तयात तर शताधिपती स्वतः येतो, इथे मित्रांना का पाठवतो? घाबरू नका, मत्तयाचा आठवा अध्यायही उघडा आणि दोन्ही मिळून वाचा. दुसरं कोणी विचारेल, मग त्या चाकराला कळलं का, आपल्याला कोणी बरं केलं ते? तर खरं तेच सांगा, लूकने ते लिहिलेलं नाही, आणि तुला काय वाटतं असं त्यालाच विचारा.