बियाण्याचा भोपळा

वेलावर धरलेल्या भोपळ्यांपैकी सर्वांत उत्तम भोपळा कोणी खावा? जाणत्या शेतकरणीचे उत्तर ठरलेले असे: तो कोणीच खाऊ नये. घरी पाहुणे येवोत, की मुले घारग्यांसाठी हट्ट धरोत, शिंक्यात टांगलेल्या त्या भोपळ्याला ती हात लावू देत नसे. तो बियाण्याचा भोपळा होय. पुढल्या वर्षीचा वेल त्याच्या पोटात असे.

बियाण्याची निवड वेलावरच होते. रोगट वेलाचे किंवा कडू फळाचे बी कधीही धरू नये. निरोगी वेलावरील सुडौल फळ हेरून ते पूर्ण पिकू द्यावे. देठ वाळून कठीण झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले, म्हणजे फळ तयार झाले असे समजावे. ते काढल्यावरही दोन-तीन आठवडे तसेच ठेवावे. त्या अवधीत आतील बी अधिक भरते.

मग फळ चिरून बी गरासकट काढावे आणि पाण्यात चोळून धुवावे. चपटे, पोचट बी बोटांनी चाचपून वेगळे करावे. उरलेले भरीव बी सुपात एकेरी पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवावे व रोज हलक्या हाताने उलटावे. घाई करून ते कडक उन्हात तापवू नये. अति उष्णतेने बियांतील कोवळा अंकुर मरतो. काही दिवसांनी एक बी वाकवून पाहावे. लवले, तर ओल बाकी आहे. कट्‌कन मोडले, तर ते वाळले. ओलसर बी भरून ठेवल्यास त्यावर बुरशी चढते. वाळलेले बी कोरड्या बरणीत घालून, वाणाचे नाव व वर्ष लिहून, थंड जागी ठेवावे.

एवढी काळजी घेऊनही कधी कधी निराळेच फळ येते. भोपळ्याची नर फुले व मादी फुले वेगवेगळी असतात आणि मधमाश्या पराग वाहून नेतात. जवळच दुसऱ्या वाणाचा वेल असेल, तर परागांची सरमिसळ होते. फळ नेहमीसारखेच दिसते. बदल त्याच्या बियांत दडलेला असतो. म्हणून बियाण्याचा वेल अन्य वाणांपासून दूर लावावा.

आता बाजारात संकरित बी मिळते. त्याचे पीक भरघोस येते. परंतु त्या फळांचे बी पेरल्यास तेच गुण पुन्हा जसेच्या तसे उतरत नाहीत. घरचे बी धरणे सुटले आणि अनेक गावरान वाण हळूहळू नाहीसे झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना ही हानी जाणवली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण त्यांनी वाल, भात, भाज्या यांचे गावरान बी जमवले, राखले आणि इतर शेतकऱ्यांना दिले. भारत सरकारने २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर केली.

जुनी शेतकरीणही मूठभर बी शेजारणीला देई. एखाद्या वर्षी स्वतःच्या घरचे बी उंदरांनी खाल्ले, तर तीच मूठ शेजारघरून परत येई. दिलेले बी असे कामी येई, आणि मृग बरसला की दोन्ही अंगणांतील आळ्यांत एकाच भोपळ्याचे वेल वर डोकावत.