पुनरुत्थान आणि सोमवारचे काम

वाचन: १ करिंथ १५:५० ते १६:२

पुनरुत्थानाविषयीचा पौलाचा हा मोठा अध्याय कुठे संपतो ते पाहा. मरणावरच्या विजयाचा जयघोष झाला की तो लगेच कामाचे बोलतो: प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ नाहीत. मूळ पत्रात अध्याय पाडलेले नव्हते, त्यामुळे पुढचेच वाक्य वर्गणीचे येते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीतून काही बाजूला ठेवावे. (मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला ही जागा फार आवडते!) पहिला दिवस म्हणजे येशू उठला तो वार.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आपल्या कर्नाटकातलाच. आईवडील दुष्काळात गेले. पुढे भाऊ गेला, पती गेले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचे काम ती पुढे चालवील अशी आशा होती. त्या वेळी रमाबाईंचे बायबलचे भाषांतर चालू होते, थेट हिब्रू व ग्रीकवरून, साध्या खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. ते त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, तोवर ते पुरे झाले होते.

त्या रडल्या नसतील असे मात्र समजू नका. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान ११:३५).

चर्चेसाठी: कोणाच्या जाण्याने किंवा निराशेने तुमचे कोणते काम अर्धे राहिले आहे? एकमेकांना सांगा, त्यासाठी प्रार्थना करा आणि सोमवारी त्यातले थोडे हाती घ्या.