आधी घडण, मग घासण

सणवार आटोपले की घरातल्या सगळ्यांच्या दागिन्यांचे डबे माझ्यासमोर येऊन पडतात. जाऊबाई म्हणतात, "तुझ्या हाताला जमतं गं ते." हाताचं त्यात फारसं काही नाही. पाण्याला हात लावण्याआधी मी दागिना उलटा करून बघते, एवढंच. मशीनवर बनलेली साधी साखळी एकाच धातूची, तिचे फारसे नखरे नसतात. हाताने घडवलेल्या दागिन्यात मात्र सोनं, लाख, मोती, रेशीम, काच असं एकत्र कुटुंब नांदत असतं. एकाला मानवतं ते दुसऱ्याला बाधतं.

१. आत काय भरलंय ते आधी ओळखा. कोल्हापुरी साजातले मासा, कासव, चंद्र, कमळ हे बाहेरून भरीव दिसतात, पण सोन्याचा पत्रा पातळ असतो आणि आधाराला आत लाख भरलेली असते. जुन्या बोरमाळेचंही बऱ्याचदा तसंच. नखाने टिचकी मारली तर बद्द आवाज येतो, आणि दोरा ओवतात त्या भोकापाशी तांबूस-तपकिरी लाख डोकावते. असा दागिना गरम पाण्यात कधीच घालायचा नाही. पाणी उकळायच्या कितीतरी आधी लाख मऊ पडते. मग पत्रा बोटाच्या दाबानेही चेपतो आणि सोनाराशिवाय इलाज उरत नाही. कोमट पाण्यात जुन्या मलमलचा तुकडा भिजवून घट्ट पिळायचा, त्याने पुसायचं आणि लगेच कोरड्या कापडाने टिपायचं. ठुशीलाही गरम पाणी नको. तिच्या मण्यांच्या फटींत घाम आणि पावडरीचा थर बसतो, तो लहान बाळाच्या मऊ ब्रशने कोरडाच झटकायचा. दोरा भिजला तर आतून लवकर सुकत नाही आणि कुजायला लागतो.

२. नथ बुडवायची नाही. सगळ्यात जास्त छळ होतो तो नथीचा. वर्षातून चार वेळा नाकात जाते, तीही मेकअपच्या थरावर, आणि मग कोणीतरी ती लिंबू-सोड्याच्या पाण्यात टाकून मोकळं होतं. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीही आंबट लागलं की त्याचा वरचा थर खाल्ला जातो, आणि गेलेलं पाणी मोत्याला परत चढवता येत नाही. पुन्हा नथीतल्या लाल-हिरव्या खड्याचं कोंदण बरेचदा मागून बंद असतं. खडा उठून दिसावा म्हणून खाली चकचकीत पातळ पत्री बसवलेली असते, तिला डांक म्हणतात. कोंदणात पाणी शिरलं की डांक काळी पडते आणि खडा मेल्यासारखा दिसतो. वरून कितीही पुसा, उपयोग नाही.
मी काय करते, तर नथ टॉवेलवर ठेवते, आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळून किंचित ओला करते आणि एकेक मोती पुसते. फासाच्या तारेला मेकअप चिकटलेला असतो, तो शेवटी काढते, कारण तोच कापूस मोत्याला लागला तर तेल पसरतं. अर्धा तास जातो. जाऊ दे.

३. टूथपेस्ट दातांसाठी असते. तिच्यात घासणारी बारीक पूड असते. २२ कॅरेटचं सोनं, म्हणजे ९१.६ टक्के, मुळात मऊ. त्यावर हळूहळू बारीक ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी दागिना आणखी निस्तेज दिसतो, म्हणून आपण आणखी जोरात घासतो. रांगोळी, राख आणि तांब्या-पितळेची पावडर यांनाही हेच लागू.

४. चांदीचा सगळाच काळेपणा मळ नसतो. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने चांदीवर काळा थर चढतो. खाडीकाठी राहणाऱ्यांची चांदी लवकर काळवंडते ती म्हणूनच. साध्या पैंजणांना आणि जोडव्यांना रिठ्याचं पाणी उत्तम: पाच-सहा रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे, त्या फेसात पैंजण ठेवून ब्रश फिरवायचा. थर जाड असेल तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, वर चांदी, त्यावर चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी. चांदी फॉइलला टेकलेली हवी. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजायचं, चांदीला धरून बसलेलं गंधक सुटतंय. हात न लावता काळेपणा जातो, हे बघायला मला अजूनही आवडतं.
पण नक्षीकामाच्या चांदीला ही युक्ती चुकूनही नको. हुपरीच्या कारागिराने खाचांमध्ये मुद्दाम काळा रंग ठेवलेला असतो, त्यावरच वेलबुट्टी उठून दिसते. तो गेला की पानं-फुलं सपाट होतात. तिथे फक्त वरचा उंचवटा मऊ कापडाने पुसायचा. मीना किंवा खडे असतील तर सोड्याचा विचारही करू नये.

५. दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्याला दारातूनच परत पाठवा. त्याच्या वाटीत बरेचदा नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण असतं, त्यात सोनं विरघळतं. दागिना लखलखीत होऊन हातात येतो, पण काही गुंजा हलका. तेवढं सोनं त्याच्या वाटीतल्या पाण्यासोबत जातं. ओळखीच्या सोनाराकडेही पॉलिशला देताना वजन पावतीवर लिहून घ्यावं आणि परत घेताना पुन्हा काट्यावर ठेवायला सांगावं. भीड कसली त्यात?

६. ठेवताना रबरबँड नको. रबरात गंधक असतं, चांदीवर त्याची काळी रेघ उमटते. मोती प्लॅस्टिकच्या पिशवीत महिनोन्महिने कोंडू नयेत, मऊ कापडात गुंडाळून ठेवावेत. आणि मोती-सोनं एका कप्प्यात नको, कडा घासतात. घालताना अत्तर आधी, दागिना नंतर.

७. टेराकोटा, कापड, दोरा यांचे हल्लीचे हौशी दागिने धुवायचेच नाहीत. कोरडा ब्रश पुरे.

८. गाठवून घेणं ही निगाच आहे. मोत्यांच्या सरात दोन मण्यांमधला दोरा करडा दिसू लागला किंवा सर ताणल्यावर मण्यांत फट पडली की पटवेकऱ्याकडे न्यायचं, तुटायची वाट बघायची नाही. मणी त्याच्यासमोर मोजून द्यावेत. जुने पटवेकरी रागावत नाहीत, उलट स्वतःच मोजायला बसतात. गोंडाही त्याच वेळी बदलून घ्यावा. आणि जायचं ते आषाढातच. श्रावण लागला की मंगळागौरीवाल्यांची रांग असते, आणि "गौरींच्या आधी देतो" म्हणून ठेवून घेतलेला सर बरेचदा गौरी गेल्यावरच हातात पडतो.