रक्ताचा नमुना पुण्याला पाठवताना

प्रश्न : कोल्हापुरात आमची छोटी लॅब आहे. डेंग्यूच्या संशयित रुग्णाचे रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवायचे, तर ते कोणत्या वर्गात मोडते?

उत्तर : ‘ब’ वर्गात, यूएन ३३७३. नळीभोवती कापूस, मग न गळणारा डबा, त्यावर टणक खोके. कोरडा बर्फ डब्याबाहेर ठेवा आणि खोके हवाबंद करू नका. वायू साठून ते फुटते. डेंग्यूचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवलेला असेल, तर मात्र ‘अ’ वर्ग, यूएन २८१४. सिंधुदुर्गात आढळणाऱ्या माकडतापाचा संशय असेल, तर रुग्णाचे साधे रक्तही ‘अ’मध्येच धरतात. त्याचे पॅकिंग अधिक कडक. म्हणून कळकळीने सांगते, रुग्ण कुठल्या गावचा, जंगलात गेला होता का, हे नळी भरण्याआधीच विचारा.