टीमचं खरं नाव माहीत नाही? मग गल्ल्याची चावी कुणाकडे आहे ते बघा



क्रिप्टोवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, प्रोजेक्ट भारी आहे, टेलिग्रामवर हजारो लोक आहेत, फक्त टीममधलं कुणी खऱ्या नावाने काम करत नाही. टाकू का पैसे?" बॅचमधल्या एकाने तर रक्कमही सांगितली, दीड लाख. दिवाळीच्या मालासाठी बाजूला काढलेले. दिवाळीला वेळ आहे, तोपर्यंत पैसे पडूनच आहेत, असा त्याचा हिशोब. व्हिडिओत हा भाग पाच मिनिटांत उरकला होता, इथे नीट लिहितो.

आधी एक मान्य करू. टोपणनाव घेतलं म्हणजे माणूस चोर, असं नसतं. बिटकॉइनच घ्या. २००८ साली 'सातोशी नाकामोतो' या नावाने त्याची कल्पना मांडणारा लेख आला, जानेवारी २००९ मध्ये नेटवर्क सुरू झालं आणि २०११ नंतर हे नाव गप्प झालं. तो कोण, हे आजही सिद्ध झालेलं नाही. तरी बिटकॉइन अडलं नाही. कारण लोकांचे पैसे सातोशीच्या गल्ल्यात जमाच होत नव्हते. कोड सगळ्यांसमोर होता, आणि नियम बदलायचे तर नेटवर्क चालवणाऱ्यांनी ते स्वीकारावे लागतात. भावाची जोखीम तिथेही आहेच, पण मालक पळून गेला म्हणून धंदा बुडेल ही भीती नाही, कारण तसा मालकच नाही.

आपल्याकडे जे प्रोजेक्ट विचारायला येतात, त्यांत मालक असतो आणि गल्लाही असतो. म्हणून "हा कोण आहे?" यासोबत दुसरा प्रश्न विचारायचा: "हा कुणालाही न विचारता काय काय करू शकतो?"

शेफ नोमीची गोष्ट

ऑगस्ट २०२० मध्ये सुशीस्वॅप नावाचा प्रोजेक्ट सुरू झाला. युनिस्वॅप या आधीपासून चालणाऱ्या क्रिप्टो अदलाबदलीच्या बाजाराची ती सुधारून केलेली नक्कल होती. चालवणारा 'शेफ नोमी' हे टोपणनाव लावायचा. नियम असा होता की जेवढे सुशी टोकन तयार होतील, त्यांचा एक हिस्सा विकासनिधीत जाईल. निधी प्रोजेक्टचा, पण चावी नोमीकडे.

सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने निधीतले टोकन विकून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरचं इथर स्वतःकडे घेतलं. सुशीचा भाव कोसळला. लोकांनी चोर म्हटलं. त्याचं म्हणणं, मी काम केलंय, हे माझे पैसे. कोडच्या बाजूने बघितलं तर त्याने कुठलंही कुलूप तोडलं नव्हतं. चावी त्याच्याकडेच होती, त्याने गल्ला उघडला, इतकंच.

पुढची गंमत बघा. नोमीने कारभार सॅम बँकमन-फ्राइडच्या हाती दिला. खरं नाव, ओळखीचा चेहरा, मोठा एक्स्चेंज चालवणारा माणूस. लोकांना हायसं वाटलं. आणि थोड्याच दिवसांत नोमीने पैसे परत केले, जाहीर माफीही मागितली. याच बँकमन-फ्राइडचं एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडालं, ग्राहकांचे पैसे भलतीकडे वापरल्याबद्दल तो दोषी ठरला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. टोपणनाववाल्याने पैसे परत केले, खऱ्या नावाचा तुरुंगात गेला!

याचा अर्थ टोपणनाव बरं, असा काढू नका. एफटीएक्सच्या ग्राहकांना निदान कोर्टात उभं राहता आलं, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दावा लावता आला, आरोपी कोण हे शोधावं लागलं नाही. नोमीने पैसे परत केले नसते, तर तक्रारीत आरोपीच्या रकान्यात काय लिहिलं असतं, 'शेफ'? खऱ्या नावामुळे चोरी थांबत नाही, पण चोरीनंतर कुणाच्या दारात जायचं ते कळतं. आपल्याकडच्या गेनबिटकॉइनमध्येही चेहरा लपलेला नव्हता. तरी लोक फसले, पण २०१८ मध्ये पुणे पोलिसांना मुख्य आरोपीला अटक करता आली.

तिजोरी सांभाळणारा 'सिफू'

दुसरं उदाहरण वंडरलँडचं. हा प्रोजेक्ट २०२१ मध्ये आला, टोकनचं नाव टाइम. संस्थापक दानिएले सेस्तागाली उघड नावाने वावरायचा. पण तिजोरी सांभाळायचा 'झिरोएक्स सिफू' हे टोपणनाव वापरणारा माणूस. तिजोरीत शेकडो दशलक्ष डॉलर.

जानेवारी २०२२ च्या शेवटी झॅकएक्सबीटी या ऑनलाइन तपास करणाऱ्याने (गंमत म्हणजे तोही टोपणनावानेच लिहितो) उघड केलं की सिफू म्हणजे मायकेल पॅट्रिन. हा कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्स या बुडालेल्या एक्स्चेंजचा सहसंस्थापक, आणि त्याआधी अमेरिकेत कार्ड फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेला. सेस्तागालीने कबूल केलं की त्याला हे महिनाभर आधीच कळलं होतं. माणसाला दुसरी संधी मिळावी, असं त्याचं मत होतं.

दुसरी संधी द्यावी, माझंही मत तेच आहे. माझ्या दुकानात असा माणूस कामाला आला तर मीही विचार करीन. पण त्याला पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवायचं का, हे मी ठरवीन, कारण पैसा माझा आहे. वंडरलँडमध्ये पैसा हजारो लोकांचा होता आणि दुसरी संधी देण्याचा निर्णय एकट्याने घेतला. बाकीच्यांना कळलं तेव्हा भाव आधीच खाली येत होता, बातमीने आणखी पडला. मग मतदान झालं, मोठ्या बहुमताने सिफूला काढलं. तोवर नुकसान होऊन गेलं होतं.

क्वाड्रिगाची आठवण इथे करून द्यायला हवी. पॅट्रिन तिथून २०१६ मध्येच बाहेर पडला होता. राहिलेला संस्थापक जेराल्ड कॉटन खऱ्या नावाने धंदा करायचा. डिसेंबर २०१८ मध्ये तो भारतात आला असताना जयपूरला वारला. तिजोरीच्या चाव्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या असं जाहीर झालं. नंतर तपासात निघालं की तिजोरी मुळातच रिकामी होती. ओंटारियो सिक्युरिटीज कमिशनच्या २०२० च्या अहवालानुसार कॉटनने खोट्या नावांनी खाती काढून, त्यांत नसलेले पैसे दाखवून, ग्राहकांसोबत सौदे केले होते. तूट साधारण १६.९ कोटी कॅनेडियन डॉलर. दारावर खरं नाव आणि आत खोटी खाती, असाही प्रकार असतो.

मग बघायचं काय?

ब्लॉकचेनचे व्यवहार उघड असतात, इथरस्कॅनसारख्या साइटवर कुणालाही दिसतात. प्रोजेक्टचा अधिकृत काँट्रॅक्ट पत्ता तिथे टाका. होल्डर्सच्या यादीत वरच्या दहा पत्त्यांकडे किती टक्के टोकन आहेत ते बघा. त्यातला एखादा पत्ता एक्स्चेंजचा असू शकतो, तो सोडा. उरलेल्यांकडे निम्म्याहून जास्त असेल, तर बाजारभाव म्हणजे त्या चारपाच जणांची मर्जी.

मग चावी. नवीन टोकन छापायचा अधिकार कुणाकडे आहे? विक्री थांबवायचा? तिजोरीतून पैसे काढायला किती सह्या लागतात? अनेक सह्या लागणाऱ्या वॉलेटला मल्टिसिग म्हणतात, आपल्या सोसायटीच्या बँक खात्याला चेअरमन आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागतात तसं. पण टोपणनावांच्या टीममध्ये पाच सह्या म्हणजे पाच माणसं, याची खात्री कोण देणार? एकच माणूस पाच वॉलेट काढू शकतो. म्हणून सही करणाऱ्यांत प्रोजेक्टच्या बाहेरची, खऱ्या नावाची माणसं आहेत का ते बघा. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

लिक्विडिटी, म्हणजे तुम्ही टोकन विकाल तेव्हा समोरून मिळणाऱ्या पैशांचा साठा, कुलूपबंद आहे का आणि किती दिवसांसाठी? २०२१ मध्ये स्क्विड नावाचं टोकन निघालं, गाजलेल्या कोरियन मालिकेचं नाव वापरून. भाव २,८०० डॉलरच्या वर गेला. लोक बघत राहिले, कारण बहुतेकांना विकताच येत नव्हतं. १ नोव्हेंबरला चालवणाऱ्यांनी पैसे काढले आणि काही मिनिटांत भाव जवळपास शून्य. स्क्रीनवरचा भाव आणि हातात येणारा पैसा यांत एवढं अंतर असू शकतं.

"ऑडिट झालंय सर" हे तर रोजचं. ऑडिटमध्ये कोड तपासतात, नियत नाही. अहवाल उघडून मालकाच्या अधिकारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा धोका तिथेच स्पष्ट लिहिलेला असतो, वाचत कुणी नाही.

आणि परतावा. वंडरलँड वर्षाला ८०,००० टक्क्यांच्या आसपास दाखवायचं. ते बहुतांशी नवीन टोकन छापून दिलं जायचं. तुमचे टोकन दहापट झाले आणि एकूण टोकनही दहापट झाले, तर तुमचा वाटा तेवढाच. दुकानदाराने स्वतःचीच कूपनं छापून वाटली म्हणून गल्ल्यात रक्कम वाढत नाही.

आता त्या दीड लाखाकडे येऊ. ते पैसे 'पडून' नाहीत. समजा मालावर १५ टक्के सुटतात आणि वर्षात माल ६ वेळा फिरतो. एका फेरीला २२,५००, वर्षाला १,३५,०००. भाडं, पगार त्यातूनच. हे भांडवल तीन महिने अडकलं तर नुसता नफा बुडत नाही, होलसेलवाल्याकडची पत जाते, पुढच्या सीझनला उधारी बंद होते. खेळते भांडवल, कर्जाचे पैसे, जीएसटी भरायला ठेवलेले पैसे, यांतला एक रुपयाही अशा प्रोजेक्टमध्ये नको. घरखर्च आणि धंदा भागून उरलेली, पूर्ण गेली तरी झोप उडणार नाही एवढी रक्कम असेल, तरच वरची तपासणी करत बसा.

शेवटी टॅक्स, कारण हे कुणी विचारतच नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेच्या वरच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, दुकानाच्या नफ्यातूनही नाही, आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. म्हणजे एकात ४०,००० कमावले, दुसऱ्यात ६०,००० घालवले, तर खिशातून २०,००० गेलेले असतात आणि तरी ४०,००० वर सेस धरून १२,४८० रुपये कर भरावा लागतो. सीएकडे जाताना वर्षभराच्या सगळ्या व्यवहारांची एक्सेल शीट सोबत ठेवा, नुसत्या वॉलेटच्या स्क्रीनशॉटवर त्यांना हिशोब लावता येत नाही.