सरासरी काय देते, काय झाकते? ऑसिलोस्कोपवरून एक पाठ



सातवीला सरासरीचं सूत्र मुलं पटकन पाठ करतात. पण सरासरी कुठे कामाची आणि कुठे फसवी, हे शिकवायचं राहून जातं. त्यासाठी डिजिटल ऑसिलोस्कोपचं उदाहरण चांगलं आहे.

यंत्र काय करतं?
व्होल्टेजमधले बदल ते आलेखासारखे पडद्यावर दाखवतं. सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजमाप घेतं. पण बरेच ऑसिलोस्कोप ८ बिटचे असतात, म्हणजे मोजपट्टीवर २५६ पायऱ्या. पडद्यावर एकूण ८ व्होल्ट मावत असतील, तर एक पायरी साधारण ३१ मिलिव्होल्टची. त्यात नॉइज, म्हणजे नको असलेली थरथर, असतेच.

हाय-रिझोल्यूशन मोड
या मोडमध्ये लागोपाठच्या मोजमापांचे गट करून प्रत्येक गटाची सरासरी दाखवली जाते. थरथर कधी वर, कधी खाली असते, त्यामुळे सरासरीत ती बरीचशी कटते. ४ मोजमापांच्या सरासरीने ती साधारण निम्मी होते, १६ च्या सरासरीने पाव. रेघ स्वच्छ होते, बारीक बदलही दिसतात. मात्र झटकन घडणारी गोष्ट हरवते.

उपक्रम
फळ्यावर १६ चौकटी काढा. १५ चौकटींत ०, एकीत १६ लिहा. सरासरी किती? फक्त १! तो १६ म्हणजे क्षणभर आलेला झटका. बिघाड नेमका त्यातच असला तर? म्हणून असा दोष शोधताना पीक डिटेक्ट मोड लावतात. त्यात प्रत्येक गटातली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत जपली जाते.

आपल्या जवळचं उदाहरण
पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावजवळ, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पल्सार ताऱ्याची स्पंदनं फार क्षीण, पण ठरावीक लयीत येतात. अशी हजारो स्पंदनं एकावर एक रचून सरासरी काढली की ती गोंगाटातून उठून दिसतात. ऑसिलोस्कोपच्या अॅव्हरेज मोडचंही हेच तत्त्व आहे, त्याला पुन्हा पुन्हा येणारा संकेत लागतो. याउलट, काही मिलिसेकंदांत संपणारा फास्ट रेडिओ बर्स्ट लांबलचक सरासरीत बुडून जाईल.

आता आपलं गुणपत्रक
एका मुलाचे चार चाचण्यांतले गुण ७०, ६८, ७२ आणि ३०. सरासरी ६०. शेरा काय? ‘समाधानकारक’. पण त्या ३० च्या आठवड्यात मूल आजारी होतं, की घरी काही घडलं होतं? सरासरी ते सांगत नाही, विचारावं आपल्यालाच लागतं.

म्हणून मुलांना सरासरी काढायला शिकवताना एक सवय लावूया: उत्तर लिहिल्यावर मूळ आकड्यांकडे पुन्हा एकदा बघायचं.