लव्हाळ्याची ओळख : फुलावरून आणि फळावरून

प्रकाशा येथे तापी व गोमाई या नद्यांच्या संगमावर १९५५ साली बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष उजेडात आले. इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष त्या टेकाडाकडे जाणारच. परंतु काठच्या ओलसर जमिनीतील लव्हाळेही अभ्यसनीय आहेत. प्राचीन इजिप्तमधील पपायरस हे लेखनसाहित्य ज्यापासून होई, ती वनस्पती याच मुस्तक कुलातील.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. देठ बोटांत फिरविला तर बहुधा तीन कडा जाणवतात आणि आतून तो भरीव असतो. मात्र जात ठरविण्यास एवढे पुरत नाही, तुऱ्यापाशीच जावे लागते.

तुऱ्यातील लहान कणिशके पाहावीत. फुलाला पाकळ्या नसतात. खवल्यासारखा एकच तुष असतो. सायपेरस प्रजातीत तुष दोन रांगांत, वेणीसारखे बसलेले असतात. फिम्ब्रिस्टायलिसमध्ये बहुधा सर्व बाजूंनी सर्पिल. मग किंजल्क, म्हणजे फुलातून डोकावणारे धागे मोजावेत. ते तीन असतील तर फळ बहुधा तिधारी, दोन असतील तर दोन बाजूंचे, चपटे. इलिओकॅरिसमध्ये देठाच्या टोकाला एकच कणिशक असते आणि फळाच्या माथ्यावर किंजलाचा तळ टोपीसारखा टिकून राहतो. फिम्ब्रिस्टायलिसमध्ये तो गळून पडतो.

हा केवळ हौसेचा अभ्यास नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांचे अनेक पालक निंदणीच्या मजुरीवर घर चालवितात. तांबूस तुऱ्याच्या नागरमोथ्याला फळ क्वचितच धरते. तो जमिनीखालच्या कंदांच्या साखळीने पसरतो. वरवर खुरपले की काही दिवसांतच तो पुन्हा डोके वर काढतो आणि बोल मात्र निंदणाऱ्या बाईला लागतो. हा उघड अन्याय आहे. केवळ गवतासाठी बनविलेले तणनाशकही त्याच्यावर चालत नाही. पैसा वाया जातो. याउलट भातखाचरातील पिवळसर तुऱ्याचा सायपेरस इरिया वर्षायू असून बियांनी पसरतो. त्याचे तिधारी फळ पिकण्यापूर्वी उपटला तर पुढील हंगामातील निंदणी हलकी होते.

नमुना घेताना कुदळीने खणून मुळांसह काढावा. पिकलेला तुरा पांढऱ्या कागदावर चोळला की फळे सुटी होतात. ती पाहण्यास दहा पट मोठे दाखविणारे साधे भिंग पुरते.